कुठे दिलं ते विचारू नकोस

थोरलीने गाडीचं इंजिन बंद करण्याचीही तसदी घेतली नाही. कुत्र्यांच्या शेल्टरच्या फाटकासमोर गाडी घुरघुरत उभी होती, आणि मागच्या सीटवर रजई दोन्ही पंजे काचेला टेकवून, जीभ बाहेर काढून, आपल्याला फिरायला आणलंय अशा थाटात बाहेर बघत होती. रजई म्हणजे पांढऱ्या, दाट केसांची कुत्री. बघणाऱ्याचा हात आपोआप तिच्या पाठीवर जायचा. हे नाव मुंगीने ठेवलं होतं. मुंगी म्हणजे थोरलीची मुलगी. अंगाने एवढीशी आणि दिवसभर तुरुतुरु, म्हणून घरात सगळ्यांची मुंगी.

फाटकाच्या आत धाकटी उभी होती. कडेवर छोटी, आणि खांद्यावर छोटीच्या दुपट्याऐवजी पिल्लं पुसायचा टॉवेल. घाईघाईत अदलाबदल झाली होती. एरवी एवढ्यावरून तिचा जीव वरखाली झाला असता, जंतू काय, ताप काय, डॉक्टर काय. आज तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती जावेच्या हातांकडे बघत होती. थोरलीने स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

"घे बाई हिला," काच खाली करून थोरली म्हणाली. "नव्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत. आणि तुझ्यापासून काय लपवायचं, तिथे पांढरा सोफा घेतलाय. नुसते केस, केस आणि केस. परवा ह्यांच्या ताटात निघाला."

"आणि मुंगी?"

"शाळेत आहे. तिला सांगेन पळाली म्हणून. मुलांचं काय गं, चार दिवस रडतात, मग विसरतात."

धाकटीने छोटीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "वहिनी, जरा उतरा. इथली पद्धत आहे. सोडणाऱ्याने आत येऊन बसायचं, तिच्याशी बोलायचं, आणि तिच्या डोळ्यांदेखत फाटकातून बाहेर पडायचं. नाही तर ती गाडीच्या प्रत्येक आवाजाला उठून बसते."

"तुमच्या पद्धती तुमच्यापाशी ठेवा बाई. माझ्या दारात सामानाचा ट्रक येऊन उभा राहील."

"मग एकच विचारते. नातं ठेवायचं की तोडायचं?"

हा प्रश्न तिथे प्रत्येकाला विचारला जायचा. 'ठेवायचं' म्हणणाऱ्याला कुत्रा कुणाकडे गेला ते कळवायचे, फोटो पाठवायचे, आणि नवं घर पटलं नाही तर त्याच्या शब्दाला मान असायचा. 'तोडायचं' म्हणणाऱ्याचा शब्द फाटकापाशीच संपायचा. पुढे कुत्रा कुणाच्याही घरी जावो, त्याने तोंड उघडायचं नाही.

"तोड, तोड," थोरली हसत म्हणाली. "कुठे दिलं ते मला सांगूसुद्धा नकोस."

धाकटीने हे आधी एकदा ऐकलं होतं. हाच आवाज, हेच हसू. तेव्हा फक्त शब्द जरा वेगळे होते: 'चांगल्या घरी दिलाय. कुठे दिलं ते विचारू नकोस.'

तिने मागचं दार उघडलं. रजईने टुणकन खाली उडी मारली, आणि तिचे पाय मातीला लागतात न लागतात तोच गाडी निघाली.

---

बोका हा कुत्रा होता. मांजरासारखा पंज्याने तोंड धुवायचा म्हणून बोका. तांबूस रंग, कुठल्याच जातीचा नाही, एक कान ताठ आणि दुसरा कुणीतरी घडी घालून ठेवल्यासारखा. धाकटीला तो कॉलेजच्या होस्टेलच्या पायऱ्यांवर सापडला होता. लग्न करताना तिने एकच अट घातली होती, आणि ती अट चार पायांवर चालत तिच्याबरोबर सासरी आली. तेव्हा सगळे एकत्रच राहायचे. थोरली बोक्याला 'तुझं माहेर' म्हणायची. सगळे हसायचे, धाकटीही हसायची.

छोटीच्या वेळी टाके पडले, ताप भरला, हॉस्पिटलमधला मुक्काम लांबला. बाळाला घेऊन घरी आली तेव्हा दाराशी बोक्याचं पाण्याचं भांडं पालथं घातलेलं होतं. तिने आधी भांडं पाहिलं, मग थोरलीचं तोंड.

"चांगल्या घरी दिलाय, एका फार्महाउसवर. केवढं मोठं आवार! कुठे दिलं ते विचारू नकोस. आता बाळाकडे बघ."

नवरा म्हणाला, "वहिनीने विचार करूनच दिला असेल गं." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. धाकटी टाक्यांवर हात दाबून रस्त्यारस्त्याने हाका मारत फिरली. 'बाळंतीण बाई कुत्र्याला हाका मारत हिंडते, आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नाही,' असं थोरलीने शेजारी जाऊन सांगितलं. धाकटीच्या ते कानावर आलं. तिच्या कानावर सगळंच येतं.

शोधत शोधतच ती एक दिवस ह्या शेल्टरला येऊन धडकली. बोका नव्हता. पण फाटकाशी कुणीतरी खोक्यात पिल्लं ठेवून गेलं होतं. तिला कुणी काही विचारायच्या आत तिने एक उचललं आणि कापसाने दूध पाजायला बसली. तेव्हापासून ती येतच राहिली. पुढे घरं वेगळी झाली. थोरली फ्लॅटमध्ये गेली, धाकटी भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि सासूबाई आपल्या बैठ्या घरात एकट्या उरल्या.

शेल्टरमध्ये धाकटीकडे काम होतं घरं पारखण्याचं. कुत्रा मागणाऱ्याच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. गॅलरीच्या गजांतून डोकं जातं का? फिनेलची बाटली खाली ठेवलीय का? घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी सगळे कसे बोलतात? ह्या शेवटच्या प्रश्नावर तिने कितीतरी घरं नाकारली होती. सगळे तिला सीसीटीव्ही म्हणायचे.

---

रजई फाटकाशीच बसून राहिली. गाडीचा आवाज आला की उठायची, गाडी पुढे गेली की बसायची. जेवण पुढे केलं तर आधी रस्त्याकडे बघायची, मग ताटलीकडे, आणि परत रस्त्याकडे.

तिच्यासाठी पहिला फोन आला तो एका गोड आवाजाच्या माणसाचा. "जातिवंत आहे ना? मादी आहे ना? मग आमच्याकडे द्या. आमच्याकडे अशा आणखी आहेत." धाकटीला एका वाक्यात कळलं. पिंजरे, पिल्लांवर पिल्लं, आणि शेवटी एखाद्या नाक्यावर सोडून देणं. लगेच फोन ठेवायला हवा होता. तिने ठेवला नाही. मनात आलं, द्यावी. आणि मग एखाद्या दिवशी थोरलीच्या पांढऱ्या सोफ्यावर बसून, चहाचा घोट घेत, तिला सगळं बारीकसारीक सांगावं.

तेवढ्यात बाहेर कुठलीशी गाडी थांबली आणि रजईचं शेपूट जमिनीवर आपटू लागलं.

"मेल्या, पुन्हा इथे फोन केलास तर तुझे दात तुझ्या हातात देईन," धाकटी म्हणाली, आणि फोन आपटला. दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई, ज्या शेल्टर चालवायच्या, भुवया उंचावून बघत होत्या.

"ह्या कुत्रीसाठी माझ्या डोक्यात एक घर आहे," धाकटी म्हणाली.

"कुणाचं?"

"सासूबाईंचं."

डॉक्टरीणबाईंना सगळं प्रकरण माहीत होतं. त्यांनी हातमोजे काढले, शांतपणे घडी केली. "तू हे घर कुत्रीसाठी बघतेयस की जावेसाठी?"

"दोघींसाठी," धाकटी म्हणाली. "पण परीक्षा नेहमीसारखीच घेईन. नापास झाल्या तर देणार नाही."

---

"माझी परीक्षा?" सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मी दोन मुलगे वाढवले ह्या घरात!"

"त्यातला एक फिनेल प्यायला होता ना, आई?"

"घोटभर. आणि तो तुझाच नवरा. त्यानंतरच तर हुशार झाला."

धाकटी हसली नाही. ती जमिनीवर बसली, कुत्रीच्या उंचीवर, आणि खोली न्याहाळू लागली. मागच्या अंगणाला भिंत होती, दाराला वरची कडी होती. औषधांच्या गोळ्या खालच्या फळीवर होत्या. तिने उठून वर ठेवल्या. सासूबाई तिच्या मागे मागे फिरत होत्या. तक्रार करत होत्या, आणि कुणीतरी घरभर फिरतंय म्हणून सुखावतही होत्या.

"कुठली कुत्री आणतेयस पण? भुंकणारी नको. केस गळणारी नको."

"भुंकत नाही. केस मात्र गळतात. रजई आहे."

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. "आपल्या मुंगीची?"

"होती. वहिनींनी सोडली. मुंगीला सांगितलंय, पळाली."

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. सासूबाईंनी जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"पळाली," त्या म्हणाल्या. "आणि बोका फार्महाउसवर."

"तुम्हाला ते खरं वाटलं होतं?"

"नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"घर एकत्र होतं तेव्हा." सासूबाईंनी फडक्याने ओटा पुसला. जिथे सांडलं नव्हतं तिथेही पुसला. "आण तिला. रविवारी सगळे जेवायला येतायत. येऊ दे थोरलीला. दार मीच उघडते."

धाकटी घरी परतली ती मनात मांडे खात. बेल वाजेल, दार उघडेल, सासूबाईंच्या मागून रजई धावत येईल. थोरली, मोठे भाऊजी, दोघांच्या हातात कसलेसे डबे. भाऊजी विचारतील, 'ही इथे कशी?' आणि आपण म्हणायचं, 'वहिनींना विचारा ना.' ते वाक्य तिने छोटीला भरवताना म्हणून बघितलं, भांडी घासताना म्हणून बघितलं. कधी साळसूद, कधी धारदार. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. तो पुन्हा म्हणाला असता, वहिनीने विचार करूनच केलं असेल.

---

रजई सासूबाईंकडे राहायला गेली होती आणि रविवार उजाडायला अजून अवकाश होता, तेव्हा तिला मुंगी दिसली.

छोटीची बाबागाडी ढकलत ती बाजारातून येत होती. समोरच्या फुटपाथवर शाळेच्या गणवेशातली मुंगी विजेच्या खांबावर कागद चिकटवत होती. कागदावर पांढऱ्या कुत्रीचं खडूचं चित्र. कुत्री कागदासारखीच पांढरी, म्हणून मुंगीने तिच्याभोवती निळं आभाळ रंगवलं होतं. एका हातात बिस्किटांचा डबा. खांब झाला की ती डबा खुळखुळ वाजवायची आणि गटाराच्या जाळीत वाकून हाक मारायची, "रजऽऽई!"

ती हाक धाकटीच्या ओळखीची होती. आधी मोठ्याने, शेवटी खालच्या पट्टीत, आपली आपल्यालाच ऐकू येऊ नये अशी.

एक वाक्य पुरलं असतं. 'आजीकडे आहे, चल.' धाकटीने रस्ता ओलांडला, मुंगीसमोर उभी राहिली, आणि तिच्या तोंडून निघालं, "घरी जा गं, आई वाट बघेल."

रविवार. रविवारपर्यंत कळ काढ. तिने स्वतःलाच बजावलं.

"काकू, तू हरवलेली कुत्री शोधतेस ना?" मुंगीने तिच्या ओढणीचं टोक धरलं. नाक लाल झालं होतं. "मला मदत कर ना. आईला सांगू नकोस. आई चिडेल. माझ्यामुळेच पळाली ती."

"तुझ्यामुळे?"

"मी शाळेत जाताना दार उघडं टाकलं. मला वाटत होतं मी लावलं होतं. पण आई म्हणाली, तूच उघडं टाकलंस."

धाकटी तिथेच फुटपाथवर बसली. छोटी बाबागाडीतून वाकून बघू लागली. आपल्या पोटात एवढे दिवस जे उकळत होतं ते ह्या पोरीच्या डोक्यावर सांडत होतं, आणि झाकण धरून आपणही उभ्या होतो, हे धाकटीला एकदम दिसलं. राग कमी झाला नाही. उलट आता त्याला कुणाची वाट बघायची नव्हती. सगळ्यांसमोर, जेवणाच्या पंगतीत, भाऊजींच्या देखत, ते सगळं जळो.

तिने थोरलीला फोन लावला. "वहिनी, मुंगी माझ्याबरोबर आहे. आईंकडे या. आत्ता."

"का? आईंना काय झालं?"

"या."

---

दार सासूबाईंनीच उघडलं. मुंगी आत गेली आणि मग जो आवाज आला तो भुंकण्याचा की हसण्याचा की रडण्याचा, बाहेरून कुणाला सांगता आला नसता. थोरली धावतपळत पोचली तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर बिस्किटं सांडली होती आणि मुंगीचं तोंड रजईच्या मानेत बुडालेलं होतं.

थोरली उंबऱ्यावरच थबकली. रजईने तिला पाहिलं, मुंगीच्या मिठीतून सुटली, आणि शेपूट हलवत थेट तिच्याकडे गेली. दोन पायांवर उभी राहून तिने थोरलीच्या साडीवर पंजे टेकवले. इतके दिवस जिची वाट बघितली ती आली, एवढंच तिला माहीत होतं.

"अगंबाई, सापडली!" थोरलीचा आवाज चिरकला. "बघ मुंगे, सापडली की नाही? चल, घरी नेऊ या हिला."

"कुठल्या घरी?" सासूबाई म्हणाल्या. "कुत्री माझी आहे."

"आई, काहीतरीच काय! मुंगीची आहे ती."

"वहिनी," धाकटी म्हणाली. ती छोटीला मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "फाटकाशी मी तुम्हाला काय विचारलं? नातं ठेवायचं की तोडायचं? तुम्ही काय म्हणालात?"

थोरलीने डोळ्यांनी खूण केली, पोरीसमोर नको. धाकटीने ती खूण पाहिली आणि तशीच जमिनीवर पडू दिली.

"'कुठे दिलं ते सांगूसुद्धा नकोस' म्हणालात. मी सांगितलं नाही. तुम्ही गाडीतून उतरलासुद्धा नाहीत."

मुंगी उठून उभी राहिली. तिच्या गणवेशाला पांढरे केस चिकटले होते. तिने काकूकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि मग बराच वेळ आईकडे बघत राहिली.

"आई, दार मी उघडं टाकलं नव्हतं ना?"

जिला प्रत्येक गोष्टीवर उत्तर होतं, जिने अख्ख्या घराला वर्षानुवर्षं बोलण्यात हरवलं होतं, ती बाई रजईच्या पंज्यांखाली भिंतीला टेकून उभी होती. धाकटी बघत होती. हे बघायचं तिने कितीदा मनात रंगवलं होतं. त्यापेक्षा हे जास्त चांगलं होतं, आणि जास्त वाईटही, कारण मुंगीही तेच बघत होती.

"नाही," थोरली शेवटी म्हणाली. "लावलं होतंस तू."

मुंगीने रजईला हाक मारून पुन्हा जवळ घेतलं आणि आईकडे पाठ करून बसली. "मी शाळेतून रोज इथे येणार," ती म्हणाली. कुणाला विचारलं नाही.

"ये," सासूबाई म्हणाल्या. "आणि आई आणून सोडेल तुला. रोज."

थोरलीने डोळे पुसले आणि धाकटीकडे वळली. "झालं समाधान?"

"नाही," धाकटी म्हणाली. "बोका कुठे सोडला?"

"अगं, ते किती जुनं झालं. फार्महाउ..."

"थोरले," सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

थोरली खाली बघत बोलली. "वीटभट्टीचं वळण आहे ना, शहराबाहेर. तिथे. दार उघडलं तर तो आपणहून उतरला. त्याला वाटलं असेल, फिरायला..."

ती थांबली. मुंगीने मान वळवली होती.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी थोरलीच चालवत होती. छोटीला सासूबाईंकडे ठेवून धाकटी मागच्या सीटवर बसली होती. 'पुढे बस ना,' असं थोरली म्हणाली होती. 'नको,' धाकटी म्हणाली, 'तो मागेच बसला असेल.' धाकटीच्या हातात बोक्याचं पाण्याचं भांडं होतं. तळाशी पोचे आलेलं, तेव्हापासून तिने ते पुन्हा पालथं घालू दिलं नव्हतं.

वळण आलं. एका बाजूला विटांच्या राशी, धूर, दुसऱ्या बाजूला वाळलेल्या गवताचं रान. थोरलीने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं.

"बंद करा."

थोरलीने किल्ली फिरवली. एकदम खूप शांतता झाली.

"त्या दिवशी बंद केलं होतंत?"

थोरलीने किल्ली काढून घेतली.

धाकटीने दार उघडलं. आधी भांडं खाली ठेवलं, बाटलीतून पाणी ओतलं, मग आपण उतरली. रस्ता सरळ पुढे जाऊन एका झाडाआड वळत होता. बोका किती लांबपर्यंत धावला असेल, कुठे थांबला असेल, हे तिने एका नजरेत मोजलं. तिला रडू आलं नाही.

"उतरा, वहिनी."

थोरली उतरली. तिच्या पांढऱ्या चपला तांबड्या धुळीत बुडाल्या.

"हाक मारा त्याला."

"वेड लागलंय का तुला? इतक्या दिवसांनी..."

"मी मारल्या आहेत. टाके ओले असताना मारल्या. काल मुंगीने मारल्या, गटारात वाकून. आता तुम्ही."

"लोक बघतायत गं." भट्टीवरची माणसं खरंच कामं थांबवून बघत होती.

"बघू दे."

थोरलीने पदर सावरला. दोनदा खाकरली. "बोका," ती म्हणाली, शेजारच्या खोलीतल्या माणसाला म्हणावं तसं.

"मोठ्याने."

"बोका!"

विटांच्या राशीमागून दोन-तीन कुत्री माना वर करून उभी राहिली. काळं एक, ठिपक्यांचं एक, आणि एक नुसतंच हाडांचं. त्यांच्यात बोका नव्हता, असणारही नव्हता. धाकटीने तरी प्रत्येकाचा कान बघितला.

"बोकाऽऽ!" थोरलीचा आवाज मध्येच फाटला. तिने तोंडावर हात ठेवला आणि गाडीकडे पाऊल टाकलं.

गाडीच्या दाराला पाठ लावून धाकटी उभी होती. ती हलली नाही.

"अजून," ती म्हणाली.